पुढचे शॉकअप घरी उतरवताना गाडी टेकवायची कशावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर देवगडजवळ, गाडी पल्सर 150, डबल स्टँड शाबूत. पुढच्या दोन्ही शॉकअपमधून तेल गळतंय, हँडल सरळ रेषेत आलं की खाचेत बसल्यासारखं अडतंय, म्हणून ऑइल सील आणि कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं ते मानेतलं बेअरिंग) दोन्ही घरीच बदलायचेत. पॅडॉक स्टँड (चाक उचलून धरणारा वेगळा लोखंडी स्टँड) नाही. मग इंजिनखाली जांभ्याचा चिरा सरकवून पुढचं चाक उचलावं, की पडवीच्या वाशाला दोर बांधून गाडी टांगावी?

नुसत्या चिऱ्यावर टेकवू नका आणि वाशाला तर मुळीच टांगू नका. डबल स्टँड, कारच्या डिकीत असतो तो स्क्रूचा जॅक, लाकडाचे ठोकळे, प्लायचा एक तुकडा आणि दोन-तीन रॅचेट पट्टे एवढ्यावर हे काम नीट होतं. पण कशावर टेकवायची हा प्रश्न दुसरा आहे. गाडी उचलायच्या आधी काय काय ढिलं करून ठेवायचं, हा पहिला. बहुतेक गाड्या इथेच पडतात.

कारण समजून घ्या. पल्सरचं वजन सुमारे 150 किलो, पण डबल स्टँडवर लावली की त्यातलं बरंचसं स्टँडच्या दोन पायांवर येतं. पुढच्या चाकावर थोडंच उरतं. मागचं ग्रॅब रेल हाताने खाली दाबलंत तर पुढचं चाक सहज वर येतं, करून पाहा. म्हणजे पुढून जो आधार द्यायचा तो फार मोठं वजन पेलण्यासाठी नसतो, गाडी पुढे वाकू नये एवढ्यासाठी असतो. वजनाने गाडी क्वचितच पडते. ती पडते पान्याच्या झटक्याने. नट गंजलेला असला की माणूस पान्यावर 30-40 किलोचा जोर सहज टाकतो. तो नट टक् करून सुटतो त्या क्षणी सगळा जोर गाडीत जातो, आणि त्या वेळी पुढचं चाक हवेत असेल तर गाडीला सावरायला जमिनीवर काही नसतं.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: जोर लागणारं प्रत्येक काम स्टँडचे दोन्ही पाय आणि पुढचं चाक जमिनीवर असताना. गाडी उचलल्यावर फक्त हाताने फिरणाऱ्या गोष्टी.

किनाऱ्यावर याला जास्तच महत्त्व आहे. खाऱ्या हवेने एक्सल, म्हणजे चाकाचा आस, बेअरिंगच्या आतल्या कड्यात चिकटतो, क्लॅम्पचे बोल्ट जागेवर धरतात. आदल्या रात्री एक्सलचा नट, कॅलिपरचे बोल्ट, वरच्या आणि खालच्या क्लॅम्पचे बोल्ट तारेच्या ब्रशने घासा आणि गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. स्प्रे मारताना डिस्कवर आणि ब्रेक पॅडवर प्लास्टिकची पिशवी बांधा. तेलकट झालेला पॅड पुसून सुधारत नाही, बदलावाच लागतो.

सकाळी गाडी डबल स्टँडवर, पुढचं चाक जमिनीवर, अशी असताना सुरुवात एक्सलच्या नटापासून करा. नटाकडे तोंड करून बसा आणि पान्याचं शेपूट तुमच्या डाव्या हाताला येईल असा तो बसवा. मग पाना खाली दाबल्यावर नट सुटतो आणि जोर जमिनीत जातो. वर ओढून किंवा पायाने ढकलून सोडवायला गेलात तर तोच जोर गाडी हलवतो. फिक्स पाना नको, रिंग पाना किंवा सॉकेट घ्या. गंजलेल्या नटाची धार एकदा गेली की पुढचा सगळा खेळ हातोडी-छिन्नीचा, आणि तो उभ्या गाडीवर करण्यासारखा नाही. नट अर्धा-एक आटा फिरला की थांबा, काढू नका. त्यानंतर कॅलिपरचे दोन बोल्ट, मडगार्डचे बोल्ट.

मग शॉकअपची वरची कॅप. दोन्ही पाइप वरून धरणाऱ्या प्लेटला क्लॅम्प बोल्ट असतील तर आधी ते ढिले करा, कारण क्लॅम्प कॅपच्या आट्यांना दाबून धरतो. खालचे क्लॅम्प आत्ता अजिबात हलवायचे नाहीत, पाइप त्यांनीच धरलेले आहेत. कॅप फक्त अर्धा आटा. आत स्प्रिंग दाबलेली असते, पूर्ण काढायला गेलात तर कॅप तोंडावर उडेल. हँडल आडवं येत असेल तर ते सोडून टाकीवर जुनी गोधडी घालून त्यावर आडवं ठेवा. शॉकअपच्या बुडाचा एलन बोल्टही शॉकअप जोडलेला असतानाच थोडा सोडवावा, कारण स्प्रिंगच्या दाबामुळे आतला रॉड त्याच्याबरोबर गरगर फिरत नाही. काही गाड्यांत हा बोल्ट एक्सलच्या आड असतो. तिथे तो चाक काढल्यावर, पण शॉकअप क्लॅम्पमध्ये घट्ट असताना सोडवायचा. शेवटी मधला, कोन सेटवरचा मोठा नट पाव आटा. तो न सुटताच गाडी उचलायची घाई केलीत तर हँडलच्या उंचीवर आडवा जोर लावावा लागेल. गाडी कलंडायला तेवढं पुरे आहे.

आता जमीन. शेणाने सारवलेलं खळं दिसायला सपाट असतं, पण सारवणाखाली ठोकलेली माती किंवा मुरूम असतो. स्टँडचा पाय जेमतेम दोन बोटं रुंद. पावसाळ्यात तो तासाभरात रुततो आणि दोन पायांपैकी एकच रुतला की गाडी त्या बाजूला झुकते. कोबा किंवा काँक्रीट असेल तर उत्तम. नसेल तर 18 मिमीचा प्लाय, दोन फूट बाय दोन फूट, सलग एकच तुकडा दोन्ही पायांखाली. दोन पायांखाली दोन वेगळ्या फळ्या नकोत, त्या वेगवेगळ्या रुततात. ओल्या शहाबादी फरशीवर स्टँड घसरतो, तिथेही प्लाय घाला आणि प्लायखाली जुन्या ट्यूबचे तुकडे.

चिऱ्याबद्दल. जांभा भिंतीत उत्तम काम करतो, कारण तिथे भार सगळ्या पृष्ठभागावर सारखा पडतो. इंजिनखाली ठेवला की भार एका कडेवर किंवा एका बोल्टच्या डोक्यावर येतो, आणि जांभ्याच्या कडा आधी भुरभुरतात, मग तुकडा निघतो. खाणीतून नुकता आलेला किंवा पावसात भिजलेला चिरा आणखी मऊ. पायाला म्हणून वापरायचा असेल तर तो कोरडा, जुना, सर्वांत रुंद बाजूवर आडवा ठेवा, खाली प्लाय आणि वर जाड फळी. एकावर एक दोनापेक्षा जास्त नकोत. उभा ठेवलेला चिरा आणि आडवी भोकं करून ठेवलेला पोकळ सिमेंट ब्लॉक हे दोन्ही बाद. पोकळ ब्लॉक तर काही न सांगता एकदम फुटतो.

त्यापेक्षा सॉ मिलवरून फणसाचे किंवा सागाचे दोन-तीन इंच जाडीचे तुकडे आणा, प्रत्येकी फूटभर लांब. दोन गाडीच्या लांबीत, त्यावर दोन आडवे, अशी चौकट रचली की ती कुठेही घरंगळत नाही. माडाचा गोल ओंडका नको, गोल काहीच नको. सर्वांत वरच्या तुकड्यावर सायकलच्या ट्यूबचा रबर खिळ्यांनी मारून घ्या, खिळ्यांची डोकी रबरात बुडवून. उंची जुळवायला दोन पाचरी समोरासमोरून घाला, एकच पाचर घातली तर वरचा तुकडा तिरका बसतो.

आधार नेमका कुठे? पल्सर 150 ची चासी डबल क्रेडल आहे, म्हणजे इंजिनखालून दोन पाइप जातात. भार त्या दोन पाइपांवर यायला हवा, इंजिनच्या तळावर नाही. गाडीपाशी आडवे होऊन खाली नीट बघा: ऑइल ड्रेन बोल्ट कुठे आहे, सायलेन्सरचा पाइप कुठून वळतो. ड्रेन बोल्टच्या जागी लाकडात खाच करा. ॲल्युमिनियमच्या तळाला बोल्टवरून दाब आला की तिथला आटा जातो किंवा बारीक तडा पडतो, आणि तो तेल ठिबकायला लागल्यावरच कळतो. लेग गार्डच्या खालच्या दांड्यावर भार देऊ नका, तो क्लॅम्पवर फिरतो.

पुढचं वाचण्याआधी एक समज काढून टाकतो. शॉकअप खाली ओढून काढायचे म्हणून गाडी हातभर उंच करावी लागते असं वाटतं. लागत नाही. 17 इंची चाकाच्या गाडीत एक्सल मुळातच जमिनीपासून जवळजवळ फूटभर वर असतो. चाक काढल्यावर शॉकअपला खाली सरकायला ती सगळी जागा मिळते. चाक जमिनीपासून दोन इंच सुटलं की पुरे. प्रत्येक जादा इंच गाडी डळमळीत करतो.

उचलताना जॅक आणि ठोकळे यांची कामं वेगळी ठेवा. जॅकने उचलायचं, ठोकळ्यांवर टेकवायचं. पल्सरच्या पोटाखाली साधारण साडेसहा इंच जागा असते, त्यात बाटली जॅक बहुधा मावत नाही. मावला तरी जुन्या बाटली जॅकचं सील सोडतं आणि तो हळूहळू खाली बसतो. कारचा स्क्रू जॅक पसरट असतो, तो चालतो. त्याच्या डोक्यावर लाकडी तुकडा ठेवा, एका माणसाला मागे ग्रॅब रेल धरायला सांगा आणि सावकाश फिरवा. पुढचं चाक वर येताना मागचं खाली जाईल. मागचा टायर जमिनीला टेकला की थांबा. त्यापुढे जॅक फिरवलात तर स्टँडचे पाय हलके होतात, गाडी मागचा टायर आणि जॅक या दोनच बिंदूंवर उभी राहते आणि आडवी जायला मोकळी होते. आणखी उंची हवीच असेल तर जॅक फिरवून ती मिळवू नका. गाडी खाली घ्या आणि स्टँडखाली आणखी एक प्लाय घालून पुन्हा सुरुवात करा.

गाडी ठोकळ्यांवर टेकली की जॅक थोडा खाली घ्या, काढू नका. तो शेजारी राहू दे. मागचा टायर जमिनीवर आहे, म्हणून आता पहिला गिअर टाकण्याला अर्थ आहे. मागचं चाक हवेत असताना गिअरचा काही उपयोग नसतो. टायरच्या पुढे-मागे पाचरी ठोका.

आता पट्टे. डबल स्टँडचे पाय मागच्या बाजूला दुमडतात. गाडी पुढे सरकली की स्टँड आपोआप मिटतो, आणि घट्ट बसलेला शॉकअप काढताना आपण नेमकी गाडी पुढेच ओढतो. म्हणून स्टँडच्या आडव्या दांड्यापासून चासीच्या पुढच्या पाइपापर्यंत एक पट्टा ताणून बांधा. या पूर्ण कामात मला एकच पट्टा वापरायची परवानगी असेल, तर तो हाच असेल. उरलेले दोन मागच्या ग्रॅब रेलपासून डावी-उजवीकडे पडवीच्या खांबांना, तिरके खाली. हे हाताने ताणले तेवढेच. रॅचेटने एक बाजू जास्त कसलीत तर पट्टाच गाडी कलंडवतो. हँडलला काही बांधू नका, तासाभरात तेच सुटं होणार आहे. बंदरावर मिळणारा जुना नायलॉन दोर स्वस्त असतो, पण उन्हाने आणि मिठाने तो आतून कुजलेला असतो आणि ताणावर लांबतो. 25 मिमीचा पट्टा घ्या, त्याची किंमत फार नाही.

वाशाचं सांगतो. कौलारू पडवीचा वासा कौलांचं पसरलेलं वजन पेलतो, मधोमध एका जागी ओढ घेण्यासाठी तो नसतो. पोफळीचा असेल तर आणखी कमी. वाळवी आतून पोखरते, बाहेरून लाकूड धडधाकट दिसतं. भिंतींवर टेकलेली जाड तुळई असेल आणि ती ठणठणीत असेल, तर तिच्यावरून एक पट्टा घेऊन टाकीच्या पुढच्या टोकाखाली चासीच्या मानेला बांधता येतो. पण तो निव्वळ जादा आधार. ठोकळे सरकले तर गाडी खाली आदळू नये, एवढ्यासाठी. वजन त्याच्यावर घेऊन काम करायचं नाही. आंब्याच्या फांदीला गाडी टांगण्याचा विचारही नको.

चाक काढायच्या आधी गाडी हलवून बघा. ग्रॅब रेल धरून पुढे-मागे, आडवी, पुढे काम करताना जेवढा जोर लावाल तेवढ्या जोराने. नजर ठोकळ्यांवर ठेवा. काही सरकलं, कुरकुरलं, तर पुन्हा रचा. या वेळी गाडी सरकली तरी खाली पुढचं चाक आहे, ती फार तर त्यावर बसेल.

नंतर कॅलिपर काढा आणि चासीला तारेने लटकवा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका. दोन पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवा, चुकून लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येत नाही. एक्सल हाताने फिरवत, गरज पडली तर लाकडी किंवा रबरी हातोडीने हलक्या टोल्यांनी काढा. तो जागचा हलत नसेल तर हवेतल्या गाडीवर ठोकत बसू नका. गाडी खाली घ्या, पुन्हा स्प्रे मारा, दोन तास जाऊ द्या.

चाक आणि डिस्क निघाली की पुढचं वजन घटतं आणि गाडीचा कल मागे जातो. पुढचे ठोकळे मोकळे पडतात. बरेच जण ते ठोकळे हलतायत हे बघून गाडी ‘आपोआप उभी आहे’ असं समजतात आणि ते काढून टाकतात. काढू नका. पाचरी पुन्हा हलकेच आत सारा. शॉकअप आणि हँडल बसवताना पुढचं वजन परत येतं, तेव्हा तिथे आधार लागतोच. आता खालच्या क्लॅम्पचे बोल्ट ढिले करा. पाइप त्यातून ओढून काढू नका, फिरवत-फिरवत खाली उतरवा. क्लॅम्पची फट गंजाने मिटली असेल तर जाड स्क्रू ड्रायव्हर हलका घालून किंचित उघडा.

फक्त सील बदलायचे असते तर एका वेळी एकच शॉकअप उतरवा म्हटलं असतं, दुसरा नमुन्याला समोर राहतो. तुम्हाला कोन सेटही करायचाय, तर दोन्ही निघणारच. खालचा टी (दोन्ही पाइप खालून धरणारा भाग) उतरवताना खाली पांढरं कापड अंथरा. बेअरिंगच्या गोळ्या सुट्या असतील तर त्या वाळूत गेल्यावर सापडत नाहीत.

आणि हे सगळं उघडण्याआधी सुटे भाग हातात असू द्या: सील, डस्ट सील, कोन सेट, शॉकअप ऑइल, बुडाच्या बोल्टचे वॉशर. जुन्या सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते, नव्याशी जुळवा. तेल किती घालायचं ते मॅन्युअल बघून, मोजपात्राने, दोन्ही बाजूंना सारखं. पाइपावर नख फिरवून बघा. क्रोमला गंजाचे खड्डे पडले असतील आणि ते सील फिरतं त्या भागात असतील, तर नवं सीलही लवकरच फाटेल. तसं असेल तर पाइपांची ऑर्डर आधी द्या. कणकवलीहून पार्ट येईपर्यंत गाडी चार दिवस ठोकळ्यांवर राहणं, भोवती पोरं आणि कोंबड्या, ही परिस्थिती येऊच देऊ नका. आलीच तर हाती असलेलं परत जोडून पुढचं चाक जमिनीवर आणा. टाकीत पेट्रोल अर्ध्यापेक्षा कमी ठेवा, पूर्ण भरलेल्या टाकीचं 10-11 किलो वजन सर्वांत वरच्या टोकाला असतं.

तरीही गाडी कलंडायला लागली तर धरू नका, बाजूला व्हा. म्हणून काम करताना पाय कधी गाडीखाली ठेवायचा नाही आणि पाठीमागे भिंत येईल असं बसायचं नाही.

हे पल्सरपुरतं झालं. युनिकॉर्न, शाईन यांची चासी डायमंड प्रकारची, इंजिनखाली पाइप नाहीत. तिथे रुंद फळीने भार इंजिनच्या तळाच्या जास्तीत जास्त भागावर पसरवावा लागतो, आणि म्हणूनच उंची आणखी कमी ठेवायची. डबल स्टँड नसलेल्या गाडीवर हे काम घरी करायचं तर मागचा पॅडॉक स्टँड हवाच. पुढचा पॅडॉक स्टँड घेणार असाल तर तो कुठे लागतो हे बघा. शॉकअपच्या बुडाला लागणारा चाक आणि ब्रेकच्या कामाला ठीक, पण त्यावर शॉकअप उतरवता येत नाहीत. टीच्या भोकात लागणारा शॉकअपसाठी चालतो, पण कोन सेटसाठी नाही, कारण गाडी ज्या टीवर उचललेली असते तोच काढायचा असतो.

जोडताना क्रम उलटा. हवेत फक्त एकच कसणं नेमकं करायचं, कोन सेटचं, कारण चाक जमिनीवर असताना ते कळत नाही. हँडल मधोमध सोडलं की दोन्ही बाजूंना स्वतःच्या वजनाने पडलं पाहिजे, आणि शॉकअप बुडाशी धरून पुढे-मागे हलवले तर खटका लागता कामा नये. हे हलवणं बोटांच्या जोराने. शॉकअपचे क्लॅम्प बोल्ट पाइप सरकणार नाही एवढे कसा, बाकी सगळे नट हाताने बसवा, कॅलिपर जागेवर घाला, मग एका माणसाला मागे धरायला सांगून जॅक किंचित वर घ्या, ठोकळे काढा, जॅक खाली सोडा. चाक जमिनीवर आलं की पाचरी काढून गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, स्टँडचा पट्टा सोडा आणि गाडी स्टँडवरून उतरवा. एक्सलला दाबून धरणारा पिंच बोल्ट असेल तर तो ढिला ठेवूनच हँडल धरून शॉकअप चार-पाच वेळा दाबा, म्हणजे दोन्ही पाय सरळ रेषेत बसतात. त्यानंतर शेवटचं कसणं, मॅन्युअलमधल्या टॉर्कप्रमाणे. गाडी हलवण्याआधी पुढचा ब्रेक लिव्हर कडक लागेपर्यंत पंप करा, पॅड मागे सरकलेले असतात. तीन-चारशे किलोमीटर झाल्यावर कोन सेटचा खटका पुन्हा तपासा, बेअरिंगच्या नव्या कटोऱ्या बसतात आणि तो थोडा ढिला होतो. त्या वेळी पुढचं चाक पुन्हा दोन इंच उचलावं लागेल, तर ठोकळे फेकून देऊ नका.